एक पाहिलं की सगळी पाहिली

आमच्या नागपूरच्या टोळीतला शेवटचा गडीही गेल्या पावसाळ्यात मुलाकडे पुण्याला गेला. घर आवरताना निघालेला वह्यांचा गठ्ठा त्याने इकडे परभणीला माझ्याकडे धाडला. तो चाळताना जुना राग नव्याने उसळला.

गोदाकाठच्या काळ्या रानात वाढलेल्याला धोंडा म्हणजे बांधावर फेकायची वस्तू. नोकरीनिमित्त नागपूरला गेलो आणि काटोल रस्त्यावर जुनापाणीच्या माळावर धोंड्यांची कडी दिसली. एक नव्हे, शेकड्यांनी. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन माणसांची ही दफनं. आसपासचे लोक ती बिनदिक्कत गवळ्यांच्या नावावर खपवत.

साहेबांच्या काळात मी फार रमत नाही. रिव्हेट-कार्नॅक हा मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस कमिशनर. रुईच्या गाठी मोजता मोजता त्याने ही वर्तुळं उकरली आणि १८७९ साली दगडांवर कोरलेल्या खळग्यांचं नातं थेट युरोपातल्या खुणांशी जोडून टाकलं. पुढे पुरातत्त्वज्ञ थापरांनी जुनापाणीला खोदलं. शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथे काम केलं. माहुरझरीत घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने मिळाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. या कामापुढे हात जोडावेत.

आमचं दशक मात्र नव्वदचं. वर्तुळं मोजायला रविवारी उजाडायच्या आत लुना काढायची. सोबत मापाची दोरी, होकायंत्र, आलेखाचा कागद आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. दगडाला हात लावायचा नाही, माती उकरायची नाही. गुप्तधनाचा विषय काढणाऱ्याला पुढच्या रविवारी निरोपच जात नसे. खळगे बघायचे तर सकाळी. ऊन तिरपं असतं तेव्हा वाटाणा मावेल एवढ्या खोलगटातही सावली धरते आणि ओळ उमटते. ऊन डोक्यावर आलं की तोच दगड कोरा. वह्यांतल्या एका पानावर मित्राने एका वर्तुळाचा धोंडा न् धोंडा काढलाय. खळगेवाल्या दगडांना बाण आहेत, कडेला भाकरीच्या तेलाचा डाग.

हे कागद आम्ही हौसेने एका विद्वान प्राध्यापकांना दाखवायला नेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘अहो, एक पाहिलं की सगळी पाहिली. आतलं काय सापडतं ते महत्त्वाचं.’’ वर चहा पाजला, हे खरं. पण हेच वाक्य पुढे वेगवेगळ्या टेबलांवर ऐकू आलं. सगळी सारखीच असतील तर दहा गेली काय नि वीस गेली काय! माळ उकरून नेणाऱ्या मुरुमाच्या टिपरवाल्याला याहून मोठा परवाना कुठला लागतो?

वर्तुळं सारखी नव्हतीच. कुणाचे धोंडे कमरेएवढे, कुणाचे गुडघ्याएवढे. खळगे काहींच्याच वाट्याला, तेही मोजक्या दगडांवर. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी या खळग्यांच्या दिशांचा आकाशाशी काही संबंध लागतो का, हे तपासलं. म्हणजे दगड कुठे आहे, हाच पुरावा ठरला. तो चार हात सरकला की प्रश्न विचारायचीही सोय संपली. मडकी आणि हत्यारं संग्रहालयात ठेवता येतात, दिशा कशी ठेवणार?

आता ड्रोन आले. वरून कडी झकास दिसतात, पार्श्वसंगीतासह. दगडावर खळगे किती, हे मात्र ड्रोन उडवणाऱ्या पोरांना विचारू नका. माळ विरळ होत गेला आणि त्याचे चाहते वाढत गेले, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

मध्यंतरी नागपूरला गेलो होतो. वहीतलं एक वर्तुळ शोधत पोचलो तर तिथे लेआउट, सिमेंटचे खांब, प्लॉट नंबर. कमानीपाशी शोभेला दोन धोंडे पांढरा रंग देऊन उभे केलेले. एकावर रंगाखालीही खळग्यांची ओळ बोटाला लागत होती. कुठून आणले, विचारलं तर चौकीदार म्हणाला, ‘‘इथंच पडून होते जी, आडवे येत होते.’’