ओळखपत्रासाठी छायाचित्र

परीक्षेचा अर्ज, पारपत्र किंवा ओळखपत्र यांवरील छायाचित्र शोभेसाठी नसते. ‘ही व्यक्ती तीच’ याची ती साक्ष असते. म्हणून छायाचित्रकाराकडे जाण्यापूर्वी थोडी तयारी करावी.

अशा छायाचित्राचा प्रचलित आकार ३.५ सेंमी रुंद व ४.५ सेंमी उंच असतो. पार्श्वभूमी बहुधा पांढरी असते व तीत पांढरे कपडे मिसळून जातात. म्हणून गडद रंगाचे कपडे घालावेत. चष्म्याच्या काचांवर प्रकाश चमकून डोळे दिसेनासे होतात. तो काढून ठेवणे उत्तम. कपाळावरचे केस मागे घ्यावेत. धार्मिक रीतीने डोके झाकलेले असले, तरी हनुवटीपासून कपाळापर्यंतचा चेहरा स्पष्ट दिसावा व त्यावर सावली पडू नये. ताठ बसून, ओठ मिटून, सरळ कॅमेऱ्याकडे पाहावे.

घरात आहे म्हणून जुने छायाचित्र चिकटवू नये. परीक्षाकेंद्रावर पर्यवेक्षक प्रवेशपत्रावरचा चेहरा समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहतात. संसार व कामधंदा सांभाळून कितीतरी वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याची मेहनत दहा वर्षांपूर्वीच्या छायाचित्रामुळे दारातच अडू नये. त्यासाठी आज आपण जसे आहोत, तसेच त्यात दिसले पाहिजे.