सावकाराचा तगादा आणि कायद्याचा आधार

फुलंब्री : पेरणी, लग्नकार्य किंवा दवाखान्याचा खर्च उभा राहिला, की ‘शेकडा पाच’ने पैसे उचलले जातात. हा दर किरकोळ वाटत असला, तरी तो महिन्याचा असतो. एक लाखावर वर्षाला ६० हजार रुपये केवळ व्याजापोटी जातात. मुद्दल तसेच राहते आणि तगादाही संपत नाही.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कारावास, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. परवानाधारकांसाठीही शासनाने २०१४ मध्ये वार्षिक व्याजदर ठरवून दिले. शेतकऱ्याच्या तारणी कर्जावर ९, तर विनातारण कर्जावर १२ टक्के. इतरांसाठी अनुक्रमे १५ व १८ टक्के. चक्रवाढ व्याज आकारण्यास मनाई असून, वसुलीसाठी कर्जदाराला धमकावणे, त्याचा पाठलाग करणे हाही गुन्हा ठरतो.

कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. व्यवहार १५ वर्षांच्या आतील असेल आणि त्यामागे सावकारी असल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर जमीन परत करण्याचा आदेश होऊ शकतो.

अर्थात, पुरावा नसेल तर तक्रार लंगडी पडते. म्हणून पैसे घेण्यापूर्वी परवाना पाहावा, प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी आणि कोऱ्या धनादेशावर वा मुद्रांकावर स्वाक्षरी करू नये. तगादा सुरू झालाच, तर नवे कर्ज काढून जुने फेडण्याऐवजी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.