समजले का?

तुमच्या ओळखीचे एखादे चाचा दुबईला, कतारला किंवा कुवेतला कामाला असतील. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कितीतरी घरे तिकडून येणाऱ्या पैशांवर चालतात. चाचा सुटीवर आले, की उंच इमारतींचे फोटो दाखवतात. त्या बांधताना माणसे कशी जखमी होतात, हे मात्र ते फारसे सांगत नाहीत.

परदेशी कामगाराला अपघात झाला, की काही लोक म्हणतात, "हे लोक सांगितलेले ऐकत नाहीत. सारे नशिबावर सोडतात. त्यांची संस्कृतीच तशी!" हे कितपत खरे आहे?

समजा, एक तरुण नुकताच तिकडे पोहोचला आहे. फोरमन इंग्रजीत सूचना देतो आणि विचारतो, "समजले का?" तरुण मान हलवून 'हो' म्हणतो. मोठ्या माणसाला पुन्हा विचारणे त्याला उद्धटपणाचे वाटते. तुम्हीही वर्गात कधी कधी असेच 'हो' म्हणता ना? वर्गात त्यामुळे दोन गुण जातात. परांचीवर मात्र सुरक्षा पट्टा कुठे अडकवायचा हे कळले नाही, तर जीव जातो.

म्हणजे संस्कृतीचा थोडा संबंध आहेच. पण त्या 'हो'च्या मागे कर्जही असते. एजंटला पैसे देण्यासाठी घरातले दागिने गहाण पडलेले असतात. तिथे राहण्याचा परवानाही नोकरीशी बांधलेला असतो. म्हणून चक्कर आली तरी तो सांगत नाही. अशा वेळी कोणत्याही देशाचा माणूस गप्पच बसेल.

आता उन्हाचे पाहा. घाम वाळला, की शरीर थंड होते. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर माणूस बरळू लागतो, बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो. कडक उन्हाची सवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात. त्यामुळे नव्या कामगाराला धोका सर्वांत जास्त असतो, आणि तोच सर्वांत कमी बोलतो.

इथे उपदेशापेक्षा नियम उपयोगी पडतो. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत भर उन्हातली कामे बंद ठेवावी लागतात. फक्त काही तातडीच्या कामांना सूट आहे. कतारने २०२१ मध्ये ही वेळ वाढवून सकाळी १० ते दुपारी ३.३० केली. मग कामगाराला स्वतः 'नाही' म्हणावे लागत नाही.

भाषेची अडचण चित्रांनी कमी होते. पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. निळे वर्तुळ म्हणजे हे केलेच पाहिजे. लाल वर्तुळात तिरकी रेघ म्हणजे मनाई. शिवाय तिथे नेपाळी, बंगाली, मल्याळी कामगार एकमेकांशी पुष्कळदा मोडक्यातोडक्या हिंदी-उर्दूतच बोलतात. तुमची उर्दू तिथे खूप कामाला येते बरे का!

जाणता फोरमन 'समजले का?' एवढेच विचारून थांबत नाही. तो म्हणतो, "करून दाखव." पट्टा चुकीच्या जागी अडकवला, तर ते माणूस जमिनीवर असतानाच कळते.