वर्गणीच्या वहीत काय लिहिलं जातं?

दिंद्रुडसारख्या माजलगाव तालुक्यातल्या गावाला देणं शिकवावं लागत नाही. सप्ताह बसवायचं ठरलं की घरटी वर्गणी निघते. कुणी पायलीभर ज्वारी घालतो, कुणी एक पंगत अंगावर घेतो. ज्याच्या हाती काहीच नाही तो सात दिवस वाढपी म्हणून राबतो. हीच माणसं शाळेच्या खोलीसाठी किंवा पाण्याच्या कामासाठी वर्गणी निघाली की थबकतात. त्यांचा हात आखडता नसतो, मनात काही समजुती पक्क्या बसलेल्या असतात.

सगळ्यात जुनी समजूत अशी की हे काम सरकारचं, आपण का द्यायचं? जबाबदारी सरकारची आहेच आणि ती मागत राहिलं पाहिजे. पण २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्येही गावातल्या कामांच्या खर्चात साधारण १० टक्के लोकवाटा धरलेला आहे. डोंगराळ व वनक्षेत्रातल्या, तसंच निम्म्याहून जास्त वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असलेल्या गावांत तो ५ टक्के आहे. हा वाटा रोख, साहित्य किंवा श्रम अशा कुठल्याही रूपात देता येतो.

त्यातल्या श्रमाला मी फार मोल देतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेलं जोडपं हंगामभर मुकादमाची उचल फेडत असतं. गावी परततं तेव्हा गाठीला रोख थोडीच उरते. त्यांनी दोन दिवस चर खोदला, तर त्याची मजुरी रुपयांत धरून वर्गणीच्या वहीत त्यांच्या नावापुढे मांडली पाहिजे. नुसतं ‘श्रमदान’ लिहून सोडलं तर फलकावर नाव येतं ते फक्त पैसेवाल्याचं, आणि दान हे श्रीमंतांचं काम ही दुसरी समजूत आणखी घट्ट होते. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली पहिल्यांदा झाली ती तीनच तालुक्यांत, आणि त्यातला एक आपल्याच बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई होता. तिथेही सगळा भर गावकऱ्यांच्या घामावर होता.

‘दिलेल्याचा हिशेब मागू नये’ ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः अंगावरच्या चिंध्यांवरच राहिले. लोकांचा पैसा लोकांचाच, हे त्यांनी जगून दाखवलं. कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्तांना हिशेब ठेवावाच लागतो. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर कलम ४१-क लागू होतं. गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात ती याच कलमाखाली. म्हणून पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

पावती आली की करसवलत मिळालीच, असंही नाही. संस्थेकडे ८०-जीची मान्यता हवी आणि देणाऱ्यानं जुनी करपद्धत निवडलेली हवी. २००० रुपयांहून जास्त रोख दिली तर त्या रकमेवर सवलत नाही. ज्वारी, कपडे, वह्या दिल्या तरी ती मिळत नाही. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांनी गावच्या शाळेला मोठी रक्कम पाठवायची असेल तर ती चेकनं किंवा थेट खात्यावर द्यावी, आणि आधी एवढं विचारून घ्यावं की खातं कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर सह्या कुणाच्या चालतात.