परदेशची नोकरी : परवाना कोणता घ्यावा?

आमच्या शिक्षण साहाय्य निधीकडे पूर्वी जे अर्ज येत ते बहुधा पुस्तकांसाठी, परीक्षेच्या फीसाठी किंवा वसतिगृहाच्या खर्चासाठी असत. अलीकडे त्यांत एका निराळ्या विचारणेची भर पडली आहे. मुलाला किंवा मुलीला नोकरीसाठी जर्मनीस जावयाचे असते, घर गहाण टाकण्याची बोलणी चाललेली असतात, आणि वडील येऊन विचारतात, "कोणता व्हिसा लवकर मिळतो, तेवढे सांगा." प्रश्न कळकळीचा असतो, पण तो उलट्या टोकाकडून विचारलेला असतो. आधी पाहावयाचे ते हे की आपल्या हाती आज काय आहे : मान्य होणारी पदवी, नोकरीचा लेखी करार, की या दोहोंपैकी काहीच नाही? परवाना त्यावरून ठरतो.

जर्मनीचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की सध्या सर्वांत अधिक विचारणा त्याच देशाविषयी होते. तेथे कुशल कामगारांची उणीव आहे. २०२० च्या मार्च महिन्यात परदेशी कुशल कामगारांसंबंधीचा कायदा तेथे अमलात आला, २०२३ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या अटी टप्प्याटप्प्याने सैल झाल्या, आणि २०२४ साली भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे त्या सरकारने जाहीर केले. दार उघडे आहे हे खरे. पण ते एक दार नसून तीन-चार दारे आहेत, आणि प्रत्येकाच्या आत निराळी वाट आहे.

प्रथम पदवीची गोष्ट. आपल्याकडील पदवी तेथील पदवीच्या तोडीची आहे की नाही हे जर्मन सरकारच्या 'अनाबिन' नावाच्या सूचीत पाहता येते. तीत विद्यापीठ व अभ्यासक्रम या दोहोंची नोंद लागते. विद्यापीठ सापडले म्हणजे काम झाले असे नव्हे. नोंद न सापडल्यास बॉन येथील केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे लागते. आय.टी.आय. किंवा तत्सम धंदेशिक्षण घेतलेल्यांची प्रमाणपत्रे निराळ्या संस्था तपासतात. उद्योग व व्यापारातील पुष्कळ व्यवसायांसाठी न्युर्नबर्ग येथे तसे कार्यालय आहे. परिचारिकांची गोष्ट आणखी वेगळी. तो व्यवसाय तेथे नियंत्रित असल्यामुळे संबंधित राज्याच्या अधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी लागते, आणि जर्मन भाषा सामान्यतः बी-२ पातळीपर्यंत यावी लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ही भाषा शिकण्याची सोय आहे. नोकरी शोधण्यापूर्वी ती सुरू केलेली बरी, कारण भाषेला जो काळ लागतो तो पैसे देऊन कमी होत नाही.

पदवी मान्य आहे आणि पदवीला साजेशा नोकरीचा करारही हाती आहे, अशांनी प्रथम 'ब्लू कार्ड'चा विचार करावा. त्यासाठी पगाराची किमान मर्यादा असते. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती. कामगारांची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी आणि गेल्या तीन वर्षांत पदवी मिळविलेल्यांसाठी ४३,७५९.८० युरो. हा आकडा दरवर्षी जानेवारीत बदलतो, तेव्हा गेल्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. संगणक क्षेत्रातील ज्यांना पदवी नाही, पण गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव आहे, त्यांनाही हे कार्ड मिळू शकते. कायम निवासाचा हक्क एरवी कुशल कामगाराला तीन वर्षांनी मिळतो, तो ब्लू कार्डधारकाला सत्तावीस महिन्यांनी मागता येतो. भाषा बी-१ पर्यंत आल्यास एकवीस महिन्यांनीच. ज्यांना पत्नी वा पती आणि मुले बरोबर न्यावयाची आहेत त्यांनी या मार्गाला पहिली पसंती द्यावी असे आमचे मत आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि तेथे गेल्यावर त्यालाही नोकरी करता येते.

पगार त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. कुशल कामगाराचा साधा परवाना आहेच. त्यात सामान्यतः पगाराची अशी ठरीव मर्यादा नसते, मात्र त्याच कामासाठी स्थानिक माणसाला मिळणाऱ्या वेतनापेक्षा कमी वेतन देता येत नाही, आणि तेथील रोजगार खाते ते पाहते. पंचेचाळीस वर्षे ओलांडून प्रथमच जाणाऱ्यांना मात्र अधिक पगार किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते.

आता ज्या कागदाने सर्वांत अधिक घोटाळा केला आहे त्याकडे वळू. २०२४ च्या १ जूनपासून 'चान्सनकार्ट', म्हणजे संधिपत्र, मिळू लागले. त्याला नोकरीचा करार लागत नाही. ज्यांची पात्रता पूर्णपणे मान्य झालेली नाही, त्यांना गुणांच्या कोष्टकात सहा गुण मिळवावे लागतात. बत्तीस वर्षांचा अभियंता घ्या : वयाचे दोन, गेल्या सात वर्षांतील पाच वर्षांच्या अनुभवाचे तीन, उत्तम इंग्रजीचा एक. सहा गुण झाले, आणि जर्मन भाषेचा एक शब्दही लागला नाही! दलाल नेमके हेच गणित मांडून दाखवितात. पुढचे ते सांगत नाहीत. हा परवाना नोकरी शोधण्याचा आहे, नोकरीचा नव्हे. मुदत फार तर एक वर्षाची. त्या काळात आठवड्याला सरासरी वीस तासच काम करता येते. शिवाय वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बँकेत गोठवून दाखवावी लागते. २०२५ च्या दराने ती १३,०९२ युरो, म्हणजे आपले बारा-तेरा लाख रुपये होते. हा पैसा परत येणारी अनामत नव्हे, तर दरमहा घरभाड्यात व जेवणखाणात संपणारा खर्च आहे. ज्याच्या घरी शिल्लक आहे आणि ज्याला जर्मन बोलता येते, त्याने हा प्रयत्न अवश्य करावा. घर गहाण टाकून, भाषेवाचून, केवळ सहा गुणांच्या भरवशावर मुलाला पाठविणे आम्हांला मान्य नाही. तो बोचेल असा सल्ला आम्ही तोंडावर देतो, आणि काही पालक रागावून जातात. त्याला इलाज नाही.

"आधी पर्यटनाच्या व्हिसावर जा, मग तेथे बदलून घेऊ," असे कोणी सांगितल्यास तेथून उठावे. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नोकरीसाठी लागणारा व्हिसा भारतीय नागरिकाला साधारणपणे निघण्यापूर्वी येथेच घ्यावा लागतो. परदेशी नोकरीस माणसे पाठविणाऱ्या दलालाची १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. भिंतीवर टांगलेले चौकटीतले प्रमाणपत्र हा पुरावा नव्हे.

करार हाती आला म्हणजे पगाराच्या ओळीवरच थांबू नये. उमेदवारीचा काळ बहुधा सहा महिन्यांचा असतो, आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेने नोकरी जाऊ शकते. नोकरी मुदतीआधी सुटल्यास परकीय नागरिकांच्या कार्यालयास दोन आठवड्यांत कळविणे बंधनकारक आहे. ब्लू कार्डावर पहिल्या बारा महिन्यांत मालक बदलावयाचा झाल्यास तेही कळवावे लागते. लाजेने किंवा भीतीने गप्प राहिल्यास सरळ असलेले प्रकरण वाकडे होते.

अर्ज कोठे करावयाचा हे राहत्या पत्त्यावरून ठरते. महाराष्ट्र, गोवा, गुजरात व मध्य प्रदेश येथील उमेदवारांचे काम मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे असते. आमच्या बेळगावच्या आप्तांना मात्र, मुंबईत काका-मामा असले तरी, बंगळूरलाच जावे लागते. नोकरीच्या व्हिसाचा अर्ज आता आधी संगणकावर भरावयाचा असतो, मूळ कागद पुढे भेटीच्या दिवशी दाखवावे लागतात. पासपोर्टावरील नाव, पदवीवरील नाव आणि लग्नानंतरचे नाव यांत फरक असेल, आणि आपल्याकडे तो फार घरांत असतो, तर तो मिटविण्याचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.