कुत्रा पंजे का चाटतो?

जेवण झालं की पुढचा पंजा तोंडाशी धरून तासभर चाटत बसणारा कुत्रा पुष्कळ घरांत असतो. 'भारी स्वच्छ आहे हो आमचा,' असं त्याचं कौतुकही होतं. तो पंजा हातात घेऊन बोटं जरा फाकवून बघा. रंग फिकट असेल तर मधले केस तांबूस झालेले दिसतील. हा लाळेचा डाग. रोज बराच वेळ चाटल्याशिवाय तो पडत नाही. ही आवड नव्हे, बहुधा खाज आहे.

धुळीची किंवा परागकणांची ॲलर्जी असली की आपल्याला शिंका येतात. कुत्र्याच्या बाबतीत ती बहुतेक वेळा कातडीवर निघते. पंजे, काखा, पोट, जांघा, तोंडाभोवतीचा भाग आणि कान या तिच्या ठरलेल्या जागा. सुरुवात साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात होते. लॅब्रेडॉर, पग, शिह त्झू यांच्यात ती जास्त आढळते. आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्याला पहिल्यांदाच खाज सुटली, तर आधी दुसरं कारण शोधावं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कानाकडे. कान लाल होतो, वास येतो, थेंब घातले की बरा होतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पावसाळ्यात पाणी गेलं असेल म्हणून आपण सोडून देतो. खरं तर वरचेवर दुखणारा कान हे कधीकधी ॲलर्जीचं एकमेव लक्षण असतं.

खाज कंबरेवर आणि शेपटीच्या बुडाशी असेल तर संशय पिसवांवर घ्यावा. एकही पिसू दिसत नाही म्हणून हा संशय सोडू नये, कारण ज्याला तिच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला एक-दोन चावेही पुरतात. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

बारा महिने सारखीच खाज असेल तर अन्नाकडे बघावं लागतं. चिकन, बीफ, दूध, गहू हे नेहमीचे संशयित. इथे रक्ताच्या तपासणीवर पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही, तिचा भरवसा कमी. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं अन्नच किमान आठ आठवडे द्यायचं, हीच खरी परीक्षा. आजोबांनी चहाबरोबर गुपचूप दिलेलं एक बिस्किट ती मोडतं.

कोपरांवर आणि कानांच्या कडांवर खपल्या धरल्या असतील, शिवाय घरातल्यांनाही खाज सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जुनाट ॲलर्जीत कातडी काळी, जाड होते आणि कुबट वास येतो. तो जिवाणू आणि यीस्टच्या संसर्गाचा.

दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी मात्र कुत्र्याला आंघोळ घालू नका, तेल-हळदही लावू नका. डॉक्टरांना जे बघायचं तेच धुऊन जातं. खाज कुठे, कधीपासून, कोणत्या महिन्यांत वाढते एवढं लिहून न्या. फोनमध्ये चाटतानाचा व्हिडिओ असला तर फारच उत्तम, कारण टेबलावर चढवलेला कुत्रा घाबरून खाजवायचंच विसरतो.