विश्लेषण : दीड हजार वस्तीचे गाव सलग २० वेळा विजेते कसे ठरले?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील किंग्यूसी या गावाची लोकसंख्या जेमतेम दीड हजार. तेथील शिंटी क्लबने सलग २० वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. त्यामुळे २००५ मध्ये ‘गिनीज’ने जगातील सर्वांत यशस्वी क्रीडासंघ म्हणून त्याची नोंद घेतली. विशेष म्हणजे या संघातील कोणालाही खेळण्याचे पैसे मिळत नव्हते.

शिंटी म्हणजे काय?

लांबून पाहिल्यास हा खेळ हॉकीसारखा वाटतो. मात्र येथे मैदान बरेच मोठे असते, प्रत्येक संघात १२ खेळाडू असतात आणि सामना ९० मिनिटांचा होतो. ‘कॅमन’ नावाच्या लाकडी स्टिकच्या दोन्ही बाजू वापरता येतात. स्टिक खांद्यावरून फिरवून हवेतला चेंडू टोलवण्यासही मुभा असते. चेंडू टेनिसच्या चेंडूएवढा. आत कॉर्क आणि लोकर, वर चामडे. हात फक्त गोलरक्षकाला वापरता येतो, तोही उघड्या पंजाने. चेंडू झेलता येत नाही.

नियम कधी ठरले?

पूर्वी नववर्षाच्या दिवशी गावेच्या गावे एकमेकांविरुद्ध उतरत. खेळाडूंच्या संख्येला मर्यादा नसे आणि नियम गावागणिक बदलत. १८९३ मध्ये किंग्यूसी येथेच झालेल्या बैठकीत ‘कॅमनाक असोसिएशन’ स्थापन झाली आणि सर्वांसाठी समान नियम आले. १८९६ मध्ये इन्व्हरनेस येथे कॅमनाक कपची पहिली अंतिम लढत झाली. किंग्यूसीने ग्लासगोच्या काउल संघाला २-० असे हरवले.

गाव आणि संघ वेगळे का काढता येत नाहीत?

हौशी क्लबला बाहेरून खेळाडू विकत आणता येत नाही. गावात जी मुले वाढतात, त्यांतूनच संघ उभा राहतो. गावावरचे संकट त्यामुळे थेट संघावर येते. १९१४ चा कप किंग्यूसीने काइल्स अॅथलेटिकला हरवून जिंकला. काही महिन्यांतच पहिले महायुद्ध पेटले. त्या अंतिम सामन्यात खेळलेले दोन्ही संघांतील अनेक तरुण रणांगणावरून परतले नाहीत. १९१५ ते १९१९ अशी पाच वर्षे स्पर्धाच झाली नाही.

वर्चस्वाचे रहस्य काय?

एक कारण अवघ्या पाच किलोमीटरवर आहे. शेजारचे न्यूटनमोर गाव किंग्यूसीहूनही लहान, पण कॅमनाक कप सर्वाधिक वेळा जिंकण्याचा मान त्याच्याकडे आहे. शेजाऱ्याला हरवायचे, या ईर्षेत दोन्ही गावांतील मुले शाळेपासूनच कॅमन हाती घेतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात किंग्यूसीत एक असामान्य पिढी तयार झाली. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी हा संघ सलग चार वर्षे अपराजित राहिला. १९९७ च्या कप अंतिम सामन्यात तर त्याने न्यूटनमोरचा १२-१ असा धुव्वा उडवला. या काळातील त्यांचा आघाडीवीर रोनाल्ड रॉस याने कारकीर्दीत हजारहून अधिक गोल केले.

मक्तेदारी कोणी मोडली?

२००६ मध्ये फोर्ट विल्यमने लीग जिंकून ही मालिका खंडित केली. पुढे २०१० ते २०१६ या काळात सलग सात विजेतेपदे न्यूटनमोरने मिळवली. एका गावाची पिढी थकली, की दुसऱ्या गावाची वर येते.

आता आव्हान कोणते?

शिक्षण आणि नोकरीसाठी तरुण ग्लासगो, एडिनबरा गाठतात. दोन्ही गावे केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असल्याने पर्यटक आणि सुट्टीपुरत्या घरांना मागणी असते. अशा ठिकाणी स्थानिक तरुणाला परवडणारे घर मिळणे कठीण होते. मोठ्या शहरातील क्लबला तीन-चार खेळाडू गेल्याने फारसा फरक पडत नाही. येथे मात्र तेवढ्यानेच संघ खिळखिळा होऊ शकतो. त्यामुळे या गावांत घरांचा प्रश्न हा शिंटीचाही प्रश्न ठरतो.